हिरूला ओरडणार कोण

चैत्रात कडुनिंबाला तुरे आले की मी खिडकी लावून घेते. भाची म्हणते, मावशी, लोक या वासासाठी झाडाखाली खाट टाकतात आणि तू खिडकी कसली लावतेस? टाकोत बापडे. माझं काही म्हणणं नाही. मला त्या वासानं रडू येत नाही, छातीत कालवत नाही, झोपही उडत नाही. अलिबागेतली ही खोली, बाहेर ऊन, रस्त्यावर रिक्षा, पलंगावर मी, सगळं जागच्या जागी असतं. फक्त थोडा वेळ मला काहीच वाटेनासं होतं. भूक नाही, राग नाही, गुडघासुद्धा दुखत नाही. एरवी गुडघा दुखायचा थांबला तर मी पेढे वाटीन. पण हे तसलं न दुखणं मला नको असतं. म्हणून खिडकी लावते आणि पंखा सुरू करते.

परवा भाचीच्या नातवाला लस टोचायला नेलं तेव्हा मीही बरोबर गेले. भिंतीवर निळे-पिवळे मासे रंगवलेले. आमच्या बंदरावर असले मासे कधी उतरले नाहीत, पण असो. नर्स पोरगी गोड होती. तिनं फुगा दिला, गाल ओढला आणि म्हणाली, बाळा, अजिबात नाही हं दुखणार. आणि टोचली. पोरगं आधी गप्प झालं, तिच्याकडे नीट बघितलं, आणि मग असं भोकाड पसरलं की बाहेर बसलेली बाकीची पोरंही सुरू झाली. मी भाचीला म्हटलं, पुढच्या खेपेला हा फुग्यालाही घाबरणार बघ. भाची म्हणाली, तू आता तिला शिकवायला जाऊ नकोस. नाही गेले. पण मेरीबाई असत्या तर त्या पोरीला बाजूला घेऊन त्यांनी चांगली झाडली असती.

मेरीबाई म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या थोरल्या नर्स. कोर्लईच्या. घरी त्यांची ती पोर्तुगीज वळणाची वेगळीच बोली, दवाखान्यात मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. मी मुंबईहून नर्सिंग शिकून खाडीकाठच्या त्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले तेव्हा स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. मुंबईत आम्हाला शिकवलं होतं की पोर वॉर्डात घेतलं की आईला दाराबाहेर काढायचं, म्हणजे पोर लवकर गप्प होतं. मी इथेही पहिल्याच दिवशी एका बाईला बाहेर काढायला निघाले. मेरीबाईंनी मला कोपराला धरून थांबवलं. म्हणाल्या, आईला बाहेर काढलंस तर उद्या सकाळी पोरही नसेल आणि पलंगावरची चादरही नसेल. आणि ते लोक बरोबरच करतील.

त्यांचं पोरांशी वागणं मी बघून बघून शिकले. उभं राहून पोराशी बोलायचं नाही, खाली बसायचं, गुडघे दुखले तरी. आधी पोराशी बोलायचं, मग आईशी. आणि दुखणार असेल तर दुखेल म्हणायचं, वर कधी थांबेल तेही सांगायचं. कोळ्यांच्या पोरांना आकडे कुठले यायला? मेरीबाई सांगायच्या, तुमच्या घरच्या होडीपासून बंदरातल्या सगळ्या होड्यांची नावं घे, नावं संपायच्या आत माझं काम संपेल. पोरं डोळे घट्ट मिटून नावं घेत सुटायची. एखाद्याची आई मध्येच म्हणायची, अरे ती मामाची राहिली. तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेर.

बाहेर मात्र आमची ख्याती काय विचारता! कोळीवाड्यातून निघालं की बाया पोरांना बोट दाखवायच्या: ती बघ नर्सबाय आली, गप जेव, न्हायतर सुई टोचील. पोरं होड्यांच्या आड पळायची. मी तेव्हा विशीतली, अंगाने काडी, वाऱ्यानं पदर सावरताना नाकी नऊ यायचे. आणि सगळ्या वाड्यातलं भुताचं काम मला फुकटात मिळालेलं.

त्या वर्षी फाल्गुनातच देवी सुरू झाल्या. आता तो रोग जगातून गेला, त्यामुळे सांगावं लागतं. आधी ताप, मग अंगभर फोड, तोंडात फोड, घशात फोड, पापण्यांच्या आतसुद्धा. औषध असं नव्हतंच. पाणी पोटात जात राहिलं, फोड चिघळले नाहीत, ताप उतरला, तर माणूस वण घेऊन उठायचं. नाही तर नाही. देवी टोचणारा सरकारी माणूस गावात आला की निम्मी पोरं सुरूच्या बनात लपवलेली असत. मग त्याच बनातल्या शेडमध्ये ती आमच्याकडे यायची. दवाखान्यापासून लांब, चार भिंती आणि कौलं, दाराशी हात धुवायला कार्बोलिकच्या पाण्याची बादली. आम्हा नर्सांना टोचलेलं होतं, पण आत पोराबरोबर घरची फक्त तीच बाई राहू शके जिला स्वतःला देवी येऊन गेल्या असतील. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर त्या शेडमधल्या सगळ्या बाया येतात त्या तोंडावर वण असलेल्याच.

आणि त्या बाया पोरांशी बोलत नसत. म्हणजे बोलत, पण देवीशी. घरात देवी आल्या की ते पोर पोर राहत नाही, त्याच्या अंगात प्रत्यक्ष शितळादेवी वस्तीला आलेली असते. घरात फोडणी बंद, तळण बंद. बाप दाढी करत नाही, होडी काढत नाही. पोराच्या भोवती कडुनिंबाचा पाला, त्याच पाल्यानं वारा. रडायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, आणि पोराला रागानं एक शब्द म्हणायचा नाही. देवी रुसली तर जाताना पोराला घेऊन जाते. मेरीबाई खुरिस, म्हणजे क्रूस, गळ्यात घालणाऱ्या, पण पाल्याला त्यांनी कधी हरकत घेतली नाही. पाला थंड असतो, माश्या हाकलतो, राहू दे म्हणायच्या. सुरूच्या सुया कौलांवर पडायच्या, समुद्राकडून वाळत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा, आणि आत सगळीकडे हा गोडसर कडवट वास. पाला बायाच आणायच्या आणि त्यात तुरेही असायचे.

मी सुरुवातीला रडत असे. पोर गेलं, बापानं कापडात गुंडाळून नेलं, की मी सुरूच्या एका ठरलेल्या झाडाआड जायची, रडायची, डोळे पुसून परत यायची. मग एकदा अशीच गेले, झाडाला हात लावून उभी राहिले आणि रडूच येईना. वाट बघितली. लाटा येत होत्या, एक कुत्रं खेकड्यामागे धावत होतं. काही झालं नाही. परत आले आणि भांडी उकळायला ठेवली. मेरीबाईंनी माझ्याकडे बघितलं, पितळी पेल्यात चहा ओतून पुढे केला. त्या दिवसापासून माझे हात काम करायचे, तोंड होड्यांची नावं विचारायचं, आणि मी स्वतः कुठे होते ते मला आजही सांगता येणार नाही. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणते डिप्रेशन. असेल बाई. आमच्याकडे त्याला काही नाव नव्हतं.

अशात चांगुणा आपल्या हिरूला घेऊन आली. चांगुणाला सगळं बंदर ओळखत होतं. मासळीच्या बाजारात तिची पाटी पहिली, आणि तिचं तोंड म्हणजे तोंडच. गिऱ्हाइकानं पापलेटाचा कल्ला उचलून बघितला तर ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. माझाही एकदा बांगड्यावरून झालेला होता. आणि पोरीला तर ती उठता-बसता शिव्या घालायची. हिरू पाटीच्या मागे बसून बर्फाचे खडे चोखत त्या ऐकायची, जशी आपण रेडिओवरची गाणी ऐकतो. ती चांगुणा शेडच्या दारात आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. आवाजच नव्हता. हात जोडलेले, मान खाली, पोरीला पलंगावर ठेवताना देवघरात मूर्ती ठेवावी तसं ठेवलं आणि तीन पावलं मागे सरून जमिनीवर बसली.

बरोबर तिची सासू. सुकलेली, वण भरलेल्या तोंडाची म्हातारी, दाराच्या आत पाय जवळ घेऊन बसायची आणि सुनेवरची नजर हलवायची नाही. त्यामागची गोष्ट मला नंतर बाकीच्या बायांकडून कळली. हिरूच्या आधीचा मुलगा असाच देवीत गेला होता. तेव्हा घरात माणसं उपाशी आहेत म्हणून चांगुणानं चुलीवर बोंबील तळले होते. पोर गेलं, आणि ते त्या तळणानंच गेलं असं म्हातारीनं ठरवलं. मारलं नाही, हाकललं नाही. नुसतं दर सणाला, दर मासळीच्या वाटणीला, एकदा तरी म्हणायची की तेल जपून वापर. आता दुसरं पोर पलंगावर होतं, आणि चांगुणा काही म्हणजे काही चुकवायला तयार नव्हती.

हिरू मात्र तोंड उघडेना. पाच-सहा वर्षांची पोर, पण ओठ असे मिटून घेतलेले की चमचा जाईल तर शपथ. शहाळं नको, पेज नको, ताक नको. फोडांनी तोंड दुखत होतंच, पण बाकीची पोरं रडतओरडत का होईना दोन घोट गिळायची. ही रडेही ना. चांगुणा शहाळ्याची वाटी घेऊन पुढे जायची, आधी पोरीच्या पायांवर डोकं ठेवायची, म्हणायची, घे माये, रुसू नको, चुकलंमाकलं पोटात घाल. हिरू भिंतीकडे तोंड करायची. चांगुणा वाटी कपाळाला लावून मागे घ्यायची, कारण देवीला आग्रह करायचा नसतो. डॉक्टर बघून गेले. जाताना दारात हळू आवाजात म्हणाले, पाणी गेलं नाही तर उद्या-परवाच्या पुढे सांगता येत नाही. आम्हाला ते दिसत होतंच. ओठ सालपटले होते, कातडी चिमटीत धरली की तशीच राहत होती.

माझं जे काय होतं ते सगळं मी करून पाहिलं. खाली बसले, नावं विचारली, बर्फाचा खडा देऊ का विचारलं. भिंत बरी, अशी गप्प. दुपारी मेरीबाईंनी चांगुणाला आणि म्हातारीला विहिरीवर पाणी काढायला पाठवलं, खरं म्हणजे त्या दोघींच्या नजरेतून पोरीला थोडी मोकळी करायला. मी पलंगाशी बसले होते. परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात बुडवलेल्या कापडानं हिरूचे हात पुसत होते. बोलायचं सगळं संपलेलं. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, घरी तुला ओरडतं कोण गं?

पापण्या सुजून जवळजवळ मिटलेल्या होत्या. त्या फटीतून तिनं माझ्याकडे बघितलं.

"आये," ती म्हणाली.

काय म्हणून ओरडते, मी विचारलं. आणि त्या पोरीनं, जिनं दोन दिवस ओठ हलवला नव्हता, त्या फुटलेल्या तोंडानं सांगायला सुरुवात केली. वाळूत लोळू नको भवाने. ही पोर मना जिती ठेवनार न्हाय. भात टाकलास तर तुला मांदेलीसंगती वाळत घालीन. एकेक शिवी ती आईच्याच हेलात म्हणत होती, मध्ये श्वास घ्यायला थांबत होती, परत म्हणत होती. मांदेलीच्या वेळी तिच्या ओठांचा कोपरा जरा वर गेला. हसली असं मी म्हणणार नाही, त्या तोंडानं हसता येत नव्हतं. मग ती थांबली.

"आता वरडत न्हाय," ती म्हणाली. "माज्या पाया परते. मना भ्या वाटते."

मी कापड पिळलं. ती परत म्हणाली, "तिला सांग, वरड."

मी मेरीबाईंना सांगितलं. वाटलं होतं, त्या काहीतरी युक्ती काढतील. त्यांनी कसलीच युक्ती काढली नाही. म्हणाल्या, हे आपलं नाही, तिच्या आईचं आहे, तिला जाऊन जसंच्या तसं सांग, एक शब्द आपला घालू नकोस. विहिरीपाशी म्हातारी जरा लांब सुरूच्या सावलीत टेकली होती. मी चांगुणाला हिरूचे शब्द सांगितले. शिव्या सांगितल्या, पायाचं सांगितलं, भ्यायचं सांगितलं. मी समजावलं नाही, कळवळून बोलले नाही. माझ्यात तेव्हा कळवळा शिल्लकच नव्हता. बंदरावरच्या भोंग्यासारखं सांगून टाकलं.

चांगुणा ऐकत होती. हातात दोर होता, तो तिनं सोडला आणि कळशी विहिरीत आपटल्याचा आवाज आला.

"देवीला वरडू?" ती म्हणाली. "एक पोर मी घालवला बाय. सगली म्हनतात मी घालवला. आता हिला बी?"

मेरीबाई तोवर आल्या होत्या. त्यांनी तिला सांगितलं की ओरडलीस म्हणजे पोर वाचेलच, असं मी म्हणत नाही. तसं मी कुणालाच म्हणत नाही. पाणी पोटात गेलं नाही तर ती जाईल, एवढंच मला माहीत आहे. देवीचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. एवढं बोलून त्या आत गेल्या. मलाही बोलावून घेतलं, तिच्याजवळ उभं राहू दिलं नाही. मला ते तेव्हा निर्दय वाटलं. म्हणजे, निर्दय आहे असं डोक्यात आलं. वाटलं काहीच नाही.

चांगुणा आत आली नाही. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, एकेकाच्या जबड्यात दुसरा अडकवून लटकवलेले, त्याखाली जाऊन बसली. थोड्या अंतरावर तिचा नवरा, दाढी वाढलेला, पालथ्या होडीला टेकून. तो मध्येच उठला, तिच्याजवळ शहाळं ठेवून परत आपल्या जागी जाऊन बसला. देवी घरात असताना नवरा-बायकोनं जवळ बसायचं नसतं. संध्याकाळ होईपर्यंत ती तशीच होती, आणि हिरूनं तोवर थेंबही घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, सकाळचं पुसणं-धुणं आटोपून आम्ही पेज गाळत होतो तेव्हा ती आली. हात जोडलेले नव्हते. म्हातारी दारात होती, तिच्यावरून सरळ पाय टाकून आत आली. माझ्या हातातून पेजेची वाटी घेतली, आणि आजवर जे केलं नव्हतं ते केलं, पलंगावर बसली. पोरीच्या अंगाला अंग लावून. पाला तिच्या बुडाखाली चिरडला.

"तोंड उघड," ती म्हणाली. "किती थेरं करशील? बापूस तुज्यापाठी होरी सोरून बसलाय, आजी उपाशी बसलीय, मी पाटी टाकून आलंय, आनि तू महारानी भित्तीकडं तोंड करून निजतेस? उघड म्हनते ना. गप पी, न्हायतर तंगडं मोरून ठेवीन."

बाकीच्या बायांनी पदर तोंडाला लावले. एकीनं आपल्या पोराच्या कानांवर हात ठेवले. चांगुणाचा आवाज बाजारातला होता, खणखणीत, पण वाटी पोरीच्या तोंडाशी नीट लागत नव्हती, पेज तिच्या छातीवर सांडत होती. हिरूनं हळूहळू भिंतीकडची मान वळवली.

"दुखतं," ती म्हणाली.

"दुखल. पी."

तिनं तोंड उघडलं. पहिला घोट बाहेर आला, दुसरा गेला, आणि मग ती रडायला लागली, मोठ्यानं, नाक भरून, भांडखोर पोरीसारखी. रडत रडत पीत राहिली. वाटी संपली तेव्हा चांगुणानं ती माझ्याकडे न बघता माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, अजून घाल. मी घातली. म्हातारी उठली. आपलं लुगडं झटकलं आणि निघाली ती थेट चौलच्या वाटेला, शितळादेवीच्या पायांवर डोकं ठेवून माफी मागायला. एवढी लांबची वाट, ते ऊन, आणि अनवाणी. तिचीही नात होती ती. म्हातारीला मी कधी दुष्ट म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही.

पुढचे दिवस शेडमध्ये चांगुणाचा आवाज भरून राहिला. हात खाजवशील तर बघ. कूस बदल. औषध थुंकलंस तर तेच चाटायला लावीन. मेरीबाईंनी तिला फोड कसे टिपायचे, हातांना मऊ कापड कसं गुंडाळायचं, तोंड कसं धुवायचं ते शिकवलं, आणि हिरूच्या अंगाला नंतर तिच्याशिवाय कुणाला हात लावावा लागला नाही. बाकीच्या बायांतल्या दोघींनी आपले पलंग भिंतीकडे सरकवून घेतले. एक जण मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपल्या मुलाला हळूच, दाराकडे बघत, म्हणाली की गप निज की रे मेल्या. म्हटल्याबरोबर तिनंच आपल्या गालांवर मारून घेतलं. पण मुलगा निजला.

हल्ली मला विचारतात, तुम्ही त्या काळी मुलांना कसं हाताळायचात, काही ट्रेनिंग होतं का. मी काय सांगू? लोकांना ऐकायचं असतं की मी पोरीला जवळ घेतलं, गाणी म्हटली. मी एक प्रश्न विचारला, तोही कंटाळून. आणि उत्तर उचलून जिथलं तिथे पोचवलं. बाकी सगळं त्या बाईनं केलं, आणि करताना तिला शंभर टक्के वाटत होतं की आपण पोरीच्या जिवाशी खेळतोय. मी तिच्या जागी असते तर वलांडीखालून उठलेच नसते.

हिरूचा ताप उतरला. खपल्या धरल्या. डोळे मात्र राहिले नाहीत. बोरिकच्या पाण्यानं आम्ही किती धुतले, पण फोड बुबुळावर गेले होते. आधी डावा पांढरा झाला, मग उजवा. डॉक्टरांनी चांगुणाला आणि तिच्या नवऱ्याला बाहेर बोलावून सांगितलं. इतके दिवस देवळातच राहिलेली म्हातारी त्याच दिवशी चौलहून अंगारा घेऊन परत आली होती, चालून चालून पायांना फोड आलेले. तिनं ऐकलं, नातीकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे, राग न करता म्हणाली, शिवी दिलीस, देवीनं डोले न्हेले. मी बादलीपाशी उभी होते. माझ्या मनात आलं, झालं, आता ही बाई जन्मभर ऐकणार.

चांगुणा म्हणाली, "न्हेले तर न्हेले. पोर ठेवली."

मग म्हातारीच्या हातातला अंगारा घेऊन तिनं तो आधी हिरूच्या कपाळाला लावला, मग स्वतःच्या. म्हातारी खाली बसली. चांगुणानं तिचे पाय पाण्यानं धुतले. त्यानंतर तेलाचा विषय त्या घरात निघाला की नाही, मला माहीत नाही.

राहिली हिरू. तिला कुणी सांगितलं नव्हतं. खपल्या पडू लागल्या तशी ती उठून बसायची, हातानं चाचपायची आणि विचारायची, दिवा कवा लावनार? भर दुपारी. मी एकदा म्हटलं, आईला विचार. मेरीबाई म्हणाल्या, खोटं सांगितलंस तर परत तोंड मिटेल, आणि खरं तू सांगू नकोस, जिचा आवाज तिला खरा वाटतो तिला सांगू दे. आम्ही चांगुणाला तेच सांगितलं. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, तिचे दोन्ही हात आपल्या तोंडावर ठेवले, वणांवर, आणि त्याच चढ्या आवाजात, जरासुद्धा मऊ न करता, म्हणाली की दिवस हाय, ऊन परलंय, तुजे डोले गेले हिरू. आता दिसनार न्हाय. माजा आवाज येईल तिकरं तोंड करायचं आनि यायचं. कललं का?

हिरू बराच वेळ आईचं तोंड चाचपत राहिली. मग म्हणाली, तू वरडत ऱ्हाशील ना? चांगुणा म्हणाली, मरेपर्यंत. त्या वेळी मी काय करत होते ते मला स्पष्ट आठवतं. चादरींच्या घड्या घालत होते. चार कोपरे जुळवायचे, दुमडायचं, परत जुळवायचं. रडायला हवं होतं हे कळत होतं. आत कुठे काही हललं नाही. घड्या मात्र सरळ आल्या.

त्यांना घरी सोडलं तेव्हा पाला जाळून झाला होता. बापानं दाढी केली होती, त्याला मी पहिल्यांदा नीट बघितलं, तरणा होता. तो हिरूला खांद्यावर घ्यायला वाकला. चांगुणानं त्याला हातानं बाजूला केलं. म्हणाली, चालू दे. ती स्वतः दहा पावलं पुढे जाऊन वाळूत उभी राहिली आणि सुरू झाली. इकरं ये. पाय उचल, घसपटत चालू नको. तिकरं कुटं, तिकरं काय तुजा आजा बसलाय? हिरू हात पुढे करून निघाली, पडली, उठली. चांगुणा मागे मागे सरत होती आणि थांबत नव्हती, श्वास घ्यायलासुद्धा नाही, कारण ती थांबली असती तर पोरीला वाट राहिली नसती. वलांड्या गेल्या, होड्या गेल्या. बाप आणि म्हातारी लांबून चालत होते. मेरीबाई आणि मी दारात उभ्या होतो. आता त्या दोघी लहान दिसत होत्या, पण बाईचा आवाज जसाच्या तसा येत होता, आणि मग वाऱ्यावर त्या पोरीचाही आला, वैतागलेला, कुठल्याही पोरीचा असतो तसा.

"येते ना गो. किती वरडशील."